हेगमध्ये जिंकले कोण? : कुलभूषण जाधव, कलम ३६ आणि 'व्यक्ती' नावाचा घटक

१७ जुलै २०१९ रोजी हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने कुलभूषण जाधव प्रकरणाचा निकाल दिला. त्या संध्याकाळी आपल्याकडच्या वाहिन्यांवर 'भारताचा विजय' झळकत होता आणि त्याच वेळी सीमेपलीकडच्या वाहिन्या 'पाकिस्तानचा विजय' साजरा करत होत्या. एका खटल्यात दोन्ही पक्षकार जिंकले, असे कोणत्या तालुका कोर्टातही होत नाही. मग हेगमध्ये ते कसे झाले?

आमचे म्हणणे असे आहे की त्या दिवशी ना हा देश जिंकला ना तो देश. जिंकला तो एक नियम. पकडलेल्या माणसाला त्याचे हक्क सांगा, त्याच्या माणसांना कळवा, त्याला वकील मिळू द्या, इतका साधा तो नियम. ज्यांनी त्या दिवशी पेढे वाटले त्यांच्यापैकी बहुतेकांना हा नियम स्वतःच्या गावातल्या पोलीस ठाण्यात नको असतो. म्हणून या निकालाचा इतिहास मुळापासून मांडणे आम्हाला गरजेचे वाटते.

निकालात नेमके काय आहे?

आधी वस्तुस्थिती. जाधव हे मूळचे महाराष्ट्रातले, भारतीय नौदलातले माजी अधिकारी. पाकिस्तान म्हणतो, ३ मार्च २०१६ रोजी आम्ही त्यांना बलुचिस्तानात पकडले, त्यांच्याजवळ मुस्लिम नावाचा भारतीय पासपोर्ट होता आणि ते हेर आहेत. भारत म्हणतो, ते निवृत्तीनंतर इराणमध्ये व्यवसाय करत होते आणि तिथून त्यांचे अपहरण झाले. यातले खरे काय, हे हेगच्या न्यायालयाने ठरवलेलेच नाही. ते हेर आहेत असेही नाही आणि नाहीत असेही नाही. तो प्रश्न न्यायालयापुढे नव्हताच.

न्यायालयापुढे प्रश्न होता तो १९६३ च्या व्हिएन्ना करारातल्या कलम ३६ चा. १५ विरुद्ध १ मतांनी न्यायालयाने म्हटले की पाकिस्तानने या कलमाचा तीन प्रकारे भंग केला. जाधव यांना त्यांचे हक्क सांगितले नाहीत. अटकेची खबर भारताला विनाविलंब दिली नाही, तीन आठवडे लावले. आणि भारतीय उच्चायुक्तालयाच्या अधिकाऱ्यांना त्यांना भेटू दिले नाही, वकील लावून देऊ दिला नाही. म्हणून फाशीच्या शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा आणि तोवर फाशी देऊ नका, असा आदेश झाला. विरोधी मत देणारे एकटे न्यायाधीश पाकिस्तानने नेमलेले तदर्थ न्यायाधीश होते. चीनच्या न्यायाधीशांनीसुद्धा बहुमताच्या बाजूने मत दिले.

पण शिक्षा रद्द करा, जाधव यांना सोडून द्या, घरी पाठवा, ही भारताची मागणी त्याच न्यायालयाने फेटाळली. दोन्ही देशांना विजय साजरा करता आला तो यामुळे. आपल्या वाहिन्यांनी निकालाचा पहिला भाग दाखवला, त्यांच्या वाहिन्यांनी दुसरा.

नागरिकाचे रक्षण की राजाचा मान?

परदेशात पकडल्या गेलेल्या आपल्या माणसासाठी राष्ट्राने धावून जायचे, ही कल्पना जुनी आहे. पण ती मुळात माणसासाठी नव्हती. १७५८ मध्ये एमेर द व्हातेल या स्विस कायदेपंडिताने मांडले की जो परक्या राज्याच्या नागरिकाला वाईट वागवतो तो अप्रत्यक्षपणे त्या राज्याचाच अपमान करतो. म्हणजे मार बसतो नागरिकाला, अपमान होतो राज्याचा आणि दाद मागायची की नाही हे ठरवणारही राज्यच. ज्याच्या पाठीवर वळ उठले तो मधल्या मध्ये नाहीसा.

या सिद्धांताचे प्रसिद्ध उदाहरण म्हणजे डॉन पॅसिफिको. हा जिब्राल्टरमध्ये जन्मलेला म्हणून ब्रिटिश प्रजाजन ठरलेला ज्यू व्यापारी. १८४७ मध्ये अथेन्समध्ये जमावाने त्याचे घर लुटले. नुकसानभरपाई मिळेना म्हणून १८५० मध्ये ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री पामर्स्टन यांनी थेट आरमार पाठवून ग्रीसची बंदरे अडवली. संसदेत त्यांनी रोमन नागरिकाचा दाखला दिला आणि ब्रिटिश प्रजाजन जगात कुठेही असला तरी इंग्लंडचा बाहू त्याच्यापर्यंत पोहोचेल, अशी ग्वाही दिली.

ऐकायला किती छान! आता दुसरे उदाहरण पाहा. सुरीनाम ही दक्षिण अमेरिकेतली डच वसाहत. १८७३ पासून तिथे हिंदुस्थानातून गिरमिटिया मजूर नेले गेले. तेही ब्रिटिश प्रजाजनच होते. त्यांच्यावर लक्ष ठेवायला ब्रिटिश वाणिज्यदूत असेल, अशी तरतूद १८७० च्या ब्रिटिश-डच तहात होती. १९०२ च्या जुलै महिन्यात मारीयेनबुर्ग या साखरमळ्यावर मजुरीच्या वादातून उठाव झाला, व्यवस्थापक मारला गेला आणि डच सैनिकांच्या गोळीबारात २४ मजूर ठार झाले. त्यांच्यासाठी ब्रिटिश आरमार आले का? नाही आले. पामर्स्टनचा बाहू व्यापाऱ्याच्या फर्निचरपर्यंत पोहोचला, मजुराच्या छातीपर्यंत पोहोचला नाही.

एकच राज्य, एकच प्रजाजनत्व, एकच कायदा. तरी एकासाठी आरमार आणि दुसऱ्यांसाठी मौन. वर्णव्यवस्थेत जन्मलेल्या माणसाला हे समजावून सांगावे लागत नाही. गावाची विहीर एकच असते, पाणी मात्र सगळ्यांना मिळत नाही.

कायद्यानेही हीच रीत पक्की केली. १९२४ मध्ये मावरोमाटिस प्रकरणात तेव्हाच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयाने म्हटले की राष्ट्र जेव्हा आपल्या नागरिकाची तक्रार हाती घेते तेव्हा ते खरे तर स्वतःचाच हक्क मांडत असते. नागरिक हा केवळ निमित्त.

मार्सेलचा कैदी

मराठी वाचकाला हेग हे नाव जाधव यांच्याही आधीपासून माहीत आहे, ते विनायक दामोदर सावरकर यांच्यामुळे. त्यांच्या विचारांशी आमचा विरोध जगजाहीर आहे. पण इतिहास मांडताना विरोधकाचे प्रकरण वगळणे आम्हाला मान्य नाही, शिवाय ते या विषयावर लख्ख प्रकाश टाकते.

८ जुलै १९१० रोजी मार्सेल बंदरात 'मोरिया' बोटीतून सावरकरांनी समुद्रात उडी घेतली, किनारा गाठला आणि फ्रेंच शिपायाने त्यांना पकडून पुन्हा ब्रिटिशांच्या ताब्यात दिले. फ्रान्सच्या भूमीवरून माणूस असा परस्पर नेता येतो का, हा वाद हेगच्या लवादापुढे गेला. २४ फेब्रुवारी १९११ रोजी लवादाने निकाल दिला की पकडून देण्यात अनियमितता झाली, तरी ब्रिटनवर कैदी परत करण्याचे बंधन नाही.

या खटल्यात पक्षकार दोन होते, फ्रान्स आणि ब्रिटन. ज्याच्या देहाचा प्रश्न होता तो पक्षकार नव्हता. लवाद बसलेला असतानाच मुंबईत विशेष न्यायाधिकरणाने डिसेंबर १९१० आणि जानेवारी १९११ मध्ये त्यांना दोन जन्मठेपा सुनावूनही टाकल्या होत्या. हेगमध्ये चर्चा चालली होती ती फ्रान्सच्या सार्वभौमत्वाची. आणि त्यांच्या बाजूने उभे राहील असे त्यांचे स्वतःचे राष्ट्र तर जगाच्या नकाशावर नव्हतेच.

राष्ट्र नसलेल्या माणसाचे जगात कोणी नसते, हा धडा इथे मिळतो. आणि राष्ट्र असूनही ते ज्याला आपले मानत नाही त्याचे काय? १९३१ च्या ऑगस्टमध्ये मुंबईच्या मणिभवनात बाबासाहेबांनी गांधींना तोंडावर सांगितले होते की मला मायभूमी नाही. जिथे आम्हाला कुत्र्यामांजराइतकीही किंमत नाही ती भूमी आमची कशी म्हणायची, हा त्यांचा सवाल होता. संरक्षणाचा प्रश्न पासपोर्टच्या रंगाने सुटत नाही, तो राष्ट्र कोणाला 'आपला' म्हणते यावर अडतो.

१९६३ : हक्क माणसाच्या हाती

दुसऱ्या महायुद्धानंतर चित्र हळूहळू बदलले. २४ एप्रिल १९६३ रोजी व्हिएन्नात वाणिज्यदूतविषयक करार झाला. पाकिस्तान त्यात १९६९ मध्ये सामील झाला, भारत १९७७ मध्ये. त्यातले कलम ३६ आम्ही साध्या मराठीत सांगतो.

परदेशी माणसाला अटक झाली तर त्याला विनाविलंब सांगायचे की तुझ्या देशाच्या वकिलातीला कळवण्याचा तुला हक्क आहे. त्याने मागणी केली तर वकिलातीला विनाविलंब कळवायचे. वकिलातीच्या अधिकाऱ्याला त्याला भेटता आले पाहिजे, पत्रव्यवहार करता आला पाहिजे आणि त्याच्यासाठी वकिलाची व्यवस्था करता आली पाहिजे.

यातले 'त्याने मागणी केली तर' हे शब्द महत्त्वाचे. इथे पहिल्यांदा कैद्याची इच्छा कायद्यात आली. व्हातेलच्या मांडणीत तो निमित्त होता, इथे तो हक्कदार झाला. पण कागदावरचा हक्क आपोआप चालत नाही, हे आपल्यापेक्षा जास्त कोणाला ठाऊक असणार? त्यासाठी लढावे लागले आणि त्या लढाईत माणसे गेली.

आन्हेल ब्रेआर्द हा पॅराग्वेचा नागरिक अमेरिकेत व्हर्जिनिया राज्यात मृत्युदंडाच्या कोठडीत होता. त्याला त्याचे हक्क सांगितलेच नव्हते. पॅराग्वेने हेग गाठले. ९ एप्रिल १९९८ रोजी न्यायालयाने शिक्षा थांबवायला सांगितले. १४ एप्रिलला अमेरिकेने त्याला ठार केले.

त्यानंतर लाग्रांड बंधू, दोघेही जर्मन नागरिक. १९८२ मध्ये अ‍ॅरिझोनात बँक लुटताना त्यांच्या हातून एकाचा खून झाला. म्हणजे हे काही निरपराध लोक नव्हते. पण त्यांनाही हक्क सांगितले गेले नाहीत. धाकटा भाऊ २४ फेब्रुवारी १९९९ रोजी मारला गेला. थोरल्यासाठी जर्मनीने धावाधाव केली, ३ मार्चला हेगने स्थगिती दिली आणि त्याच दिवशी अ‍ॅरिझोनाने त्यालाही संपवले.

दोघेही मेल्यावर जर्मनीने खटला सोडला नाही. २७ जून २००१ रोजी निकाल आला आणि त्यात दोन गोष्टी कायमच्या ठरल्या. पहिली, कलम ३६ राष्ट्राला हक्क देते तसेच व्यक्तीलाही देते. दुसरी, हेगचे अंतरिम आदेश ही विनंती नसून ते बंधनकारक आहेत. मग २००४ मध्ये मेक्सिकोने आपल्या ५० हून अधिक नागरिकांसाठी लढवलेल्या अवेना प्रकरणात न्यायालयाने शिक्षेच्या 'फेरविचारा'चा उपाय आणखी स्पष्ट केला. अमेरिकेने काय केले? २००५ मध्ये या करारासोबतच्या पर्यायी मसुद्यातून अंग काढून घेतले, म्हणजे पुन्हा कोणी हेगला खेचायला नको. २००८ मध्ये होसे मेदेयीन या मेक्सिकन नागरिकाला टेक्सासने हेगचा आदेश असतानाही मृत्युदंड दिला.

लाग्रांड बंधू खुनी होते. पण २०१७ मध्ये एका मराठी माणसाच्या फाशीला जी स्थगिती मिळाली, ती पाळणे बंधनकारक आहे हे त्या खुनी माणसांच्या खटल्यात ठरले होते. 'गुन्हेगाराला कसले हक्क?' असे विचारणाऱ्यांनी हे पाठ करून ठेवावे. गुन्हेगाराचा हक्क नाकारला की निरपराधाच्याही पायाखालची जमीन जाते, कारण अटकेच्या क्षणी दोघेही केवळ 'आरोपी' असतात.

विनंत्या, धमक्या आणि एक अर्ज

आता जाधव यांच्यासाठी काय काय झाले ते पाहू. पाकिस्तानने २५ मार्च २०१६ रोजी भारताला अटकेची माहिती दिली. भारताने त्याच दिवशी भेटीची परवानगी मागितली. चार दिवसांत कबुलीजबाबाची चित्रफीत जगाला दाखवली गेली. वकिलातीचा माणूस भेटण्याआधी, वकील मिळण्याआधी दिलेला तो कबुलीजबाब! पुढे वर्षभर भारत डझनाहून अधिक वेळा विनंती करत राहिला. मार्च २०१७ मध्ये पाकिस्तानने कळवले की तपासात सहकार्य कराल तर भेटीचा विचार करू. म्हणजे हक्काचा सौदा. १० एप्रिल २०१७ रोजी लष्करी न्यायालयाने फाशीची शिक्षा सुनावल्याचे जाहीर झाले.

दिल्लीने काय केले? ही फाशी म्हणजे ठरवून केलेला खून मानू, असा इशारा दिला. शिक्षा भोगून झालेल्या सुमारे डझनभर पाकिस्तानी कैद्यांची सुटका थांबवल्याच्या बातम्याही तेव्हा आल्या. ज्यांची शिक्षा संपली त्या गरीब कैद्यांनी आणखी आत का राहायचे? कारण दोन राष्ट्रांना एकमेकांवर दबाव आणायचा आहे. इथे पुन्हा व्हातेल जागा झाला आणि माणूस निमित्त झाला. या इशाऱ्यांनी फाशी थांबली नाही.

फाशी थांबली ती ८ मे २०१७ रोजी हेगमध्ये दाखल झालेल्या अर्जामुळे. आणि तो अर्ज सोपा नव्हता. पाकिस्तानशी वाद तिसऱ्याकडे न्यायचे नाहीत, हे भारताचे जुने धोरण. १९९९ मध्ये पाडलेल्या पाकिस्तानी नौदलाच्या विमानाच्या प्रकरणात पाकिस्तान हेगला गेला तेव्हा भारतानेच या न्यायालयाचे अधिकारक्षेत्र नाकारले होते आणि २००० मध्ये न्यायालयाने ते मान्य केले होते. आता भारत त्याच दारात उभा राहिला. विधिज्ञ हरीश साळवे यांनी एक रुपया फी घेऊन बाजू मांडली. १८ मे रोजी न्यायालयाने एकमताने स्थगिती दिली.

पाकिस्तानचा मुख्य युक्तिवाद होता की हेराला कलम ३६ लागू नाही. न्यायालयाने कलम वाचले आणि सांगितले की त्यात असा अपवाद कुठेही लिहिलेला नाही. दुसरा युक्तिवाद होता २००८ च्या भारत-पाकिस्तान कराराचा. राजकीय वा सुरक्षेच्या कारणाने झालेल्या अटकेत गुणदोष पाहून निर्णय घेऊ, असे त्यात म्हटले होते. न्यायालय म्हणाले की दोन देशांतला करार व्हिएन्नाने दिलेला हक्क काढून घेऊ शकत नाही.

या सगळ्यात एक तारीख आम्हाला विसरता येत नाही. २५ डिसेंबर २०१७, मनुस्मृती दहनाला बरोबर ९० वर्षे झाली तो दिवस. त्या दिवशी इस्लामाबादेत जाधव यांची आई आणि पत्नी त्यांना भेटल्या, मध्ये काच होती. पत्नीचे मंगळसूत्र काढायला लावले. आणि आपल्या परराष्ट्र मंत्रालयानेच दुसऱ्या दिवशी सांगितल्याप्रमाणे, आईला मुलाशी मायबोलीत बोलू दिले नाही. मराठीत बोललात तर त्यांना कळणार कसे? सत्तेला कैद्याची भाषा समजत नसेल तर ती त्याच्या आईलाही गप्प करते. मग ती सत्ता इस्लामाबादची असो की पारधी बाईला ठाण्यात पारधीत बोलू न देणारी आपल्याकडची असो.

निकालानंतर २ सप्टेंबर २०१९ रोजी भारतीय अधिकारी पहिल्यांदा जाधव यांना भेटले. अटकेनंतर साडेतीन वर्षांनी. २०२० मध्ये पाकिस्तानने फेरविचारासाठी अध्यादेश काढला, २०२१ मध्ये त्याचा कायदा केला. पण जाधव यांनीच फेरविचार अर्ज करायला नकार दिला असे पाकिस्तान सांगतो आणि त्यांना मोकळेपणाने भेटूच दिले नाही असे भारत सांगतो. वकील कोण असावा यावर घोडे अडले. जाधव जिवंत आहेत आणि कैदेतच आहेत. कायद्याने फाशी रोखली. सुटका राजकारणाच्या हातात राहिली.

बाबासाहेबांचे कलम २२

आता आम्ही मूळ मुद्द्याकडे येतो. कलम ३६ मध्ये जे आहे ते आपल्या संविधानात त्याच्या १४ वर्षे आधीच लिहिले गेले होते.

संविधान सभेत कलम २१ मधून 'योग्य कायदेशीर प्रक्रिया' हे शब्द गळले तेव्हा देशभर नाराजी होती. १५ सप्टेंबर १९४९ रोजी बाबासाहेबांनी नवे कलम १५-अ मांडले आणि ही झालेल्या नुकसानीची भरपाई आहे असे स्वतःच सांगितले. तेच आजचे कलम २२. अटकेची कारणे सांगा. पसंतीच्या वकिलाशी बोलू द्या. २४ तासांत न्यायदंडाधिकाऱ्यापुढे उभे करा. शत्रुराष्ट्राचा नागरिक आणि प्रतिबंधक स्थानबद्धता हे अपवाद त्यात आहेत आणि त्यावर तेव्हाही टीका झाली, हेही आम्ही लपवत नाही. पण कलमाची सुरुवात 'कोणत्याही व्यक्तीला' अशी होते. नागरिकाला, हिंदूला, सवर्णाला असे तिथे लिहिलेले नाही.

हे सहज घडलेले नाही. ४ नोव्हेंबर १९४८ रोजी मसुदा मांडतानाच बाबासाहेबांनी सांगितले होते की या संविधानाने गाव टाकून व्यक्ती हा घटक मानला आहे. का? कारण गाव घटक मानले की गावाचा मान मोजला जातो आणि वेशीबाहेरच्या माणसाचे रडणे ऐकू येत नाही. आंतरराष्ट्रीय कायद्यात हीच गोष्ट घडायला २००१ साल उजाडावे लागले. व्हातेलचे 'राष्ट्र' आणि आपले 'गाव' यांत फरक एवढाच की एक मोठे आहे. दोन्हीकडे मान समूहाचा आणि मार एकट्याचा.

१९९६ मध्ये डी. के. बसू खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की अटक होताच नातेवाइकाला कळवा, नोंद ठेवा, वैद्यकीय तपासणी करा. म्हणजे देशातल्या देशात कलम ३६ च की! मग हेगच्या निकालावर नाचणाऱ्यांना आम्ही विचारतो की डिसेंबर २०२४ मध्ये परभणीत संविधानाच्या प्रतिकृतीच्या विटंबनेनंतर जे कोम्बिंग झाले, त्यात अटक झालेला एक तरुण कोठडीत मेला, तेव्हा तुमचे पेढे कुठे होते? त्याच्या मृत्यूबद्दल पोलिसांवर गुन्हा नोंदवायलाही उच्च न्यायालयाला आदेश द्यावा लागला. देशातल्या तुरुंगांत दर चार कैद्यांमागे तीन कच्चे कैदी आहेत, शिक्षा न झालेले. त्यात दलित, आदिवासी, मुस्लिम किती आहेत ते सरकारी अहवालच दरवर्षी सांगतात. पाकिस्तानच्या लष्करी कोर्टाचा कबुलीजबाब तुम्हाला बनावट वाटतो आणि नाक्यावरच्या ठाण्यातला खरा वाटतो, हे कसे?

ज्यांच्यासाठी हेग नाही

आणि परदेशातच राहायचे म्हटले तरी प्रश्न संपत नाही. पालघर जिल्ह्यातले आदिवासी तरुण गुजरातच्या बोटींवर खलाशी म्हणून जातात. समुद्रात सीमारेषा आखलेली नसते. पाकिस्तानी नौका त्यांना पकडते आणि कराचीला नेते. त्या २००८ च्या करारात लिहिले आहे की अटकेपासून तीन महिन्यांत वकिलातीची भेट घडवायची आणि शिक्षा संपून राष्ट्रीयत्वाची खात्री झाली की महिन्याभरात सोडायचे. दर १ जानेवारी आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात. याद्या वेळेवर पोहोचतात, माणसे पोहोचत नाहीत. शिक्षा काही महिन्यांची आणि मुक्काम काही वर्षांचा. राष्ट्रीयत्वाची खात्री करायची असते ती भारतानेच, आणि कागदपत्र नसलेल्या आदिवासीचे भारतीयत्व तपासायला फायलीला घाई नसते. कैद्यांसाठी २००७ मध्ये दोन्ही देशांच्या निवृत्त न्यायाधीशांची समिती नेमली होती. तुरुंगात जाऊन कैद्यांना भेटणे हे तिचे काम. तिची शेवटची भेट २०१३ मध्ये झाली. त्यानंतर ती बंद.

सरकारने संसदेत दिलेल्या माहितीनुसार दहा हजारांहून अधिक भारतीय परदेशांतल्या तुरुंगांत आहेत, मोठा भाग आखाती देशांत. ऑगस्ट २०२२ मध्ये कतारने नौदलाच्या आठ माजी कर्मचाऱ्यांना पकडले, ऑक्टोबर २०२३ मध्ये त्यांना मृत्युदंड झाला, डिसेंबरमध्ये तो कमी झाला आणि फेब्रुवारी २०२४ मध्ये ते सुटले. चांगले झाले. दिल्ली मनावर घेते तेव्हा काय होऊ शकते हे दिसले. पण दहावी न झालेला, पासपोर्टवर वेगळा शिक्का असलेला मजूर मालकाशी भांडला म्हणून आत गेला तर दिल्ली मनावर घेते का? २००९ पासून परदेशस्थ भारतीयांसाठी कल्याण निधी आहे, त्यातून वकिलाचा खर्च करता येतो. पण मदत मागणे हा कैद्याचा हक्क आहे असे सांगणारा कायदा आपल्याकडे नाही. मिळाली तर कृपा. कृपेवर जगणे म्हणजे काय असते, हे आमच्या आज्यापणज्यांनी पुरेपूर भोगले आहे.

म्हणून आमच्या मागण्या स्पष्ट आहेत. परदेशात अटक झालेल्या प्रत्येक भारतीयाला वकिलातीची भेट आणि वकील मिळणे हा कायदेशीर हक्क करा. कैद्यांसाठीची न्यायिक समिती पुन्हा सुरू करा, मग सीमेवर तणाव असो वा नसो. आपल्या तुरुंगांतल्या परदेशी कैद्यांना, पाकिस्तानी असले तरी, तेच हक्क द्या जे आपण जाधव यांच्यासाठी मागितले. आणि घरच्या प्रत्येक ठाण्यात कलम २२ पाळा.

जाधव यांच्यासाठी न्याय मागताना भारताने हेगमध्ये असे म्हटले नाही की तो आमचा शूर वीर आहे म्हणून सोडा. भारताने म्हटले की तो एक व्यक्ती आहे, तिला हक्क आहेत. हे वाक्य बाबासाहेबांचे आहे. ते हेगमध्ये चालते, तर हिंगोलीत आणि परभणीतही चालले पाहिजे.

जय भीम! जय संविधान!